मिरजेचा पत्रा, सांगलीचा पडदा

नवी वस्तु घरांत आली कीं तिच्याविषयीं दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. तरुण मंडळी तिची स्तुति करूं लागतात आणि वडील मंडळी "आमच्या वेळीं याच्यावांचून कांहीं अडलें नव्हतें" असें म्हणून चष्मा पुसूं लागतात. गेल्या पावसाळ्यांत सांगलीस एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं आम्हीं मात्र याच्या उलट प्रकार पाहिला. तेथें नवी वस्तु हौसेनें आणली होती ती वडिलांनीं, आणि ती निरुपयोगी आहे असें ठरवून मोकळे झाले होते ते तरुण.

हे गृहस्थ गांवभागांत राहतात. पेशानें शिक्षक, सेवेंतून निवृत्त होऊन त्यांस बरींच वर्षें झालीं. सारा पेठभाग त्यांना गुरुजी म्हणतो, आम्हीही तेंच म्हणूं. त्यांच्या आजोबांची कीर्तनाच्या आख्यानांची हस्तलिखित वही घरांत होती. कागद पिचूं लागला, तेव्हां गुरुजींनीं पानांचीं छायाचित्रें काढविलीं आणि तीं संगणकावर पाहून सारा मजकूर स्वतः टंकलिखित करण्याचें मनावर घेतलें. साठ पानें झालीं. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा अधू. म्हणून आपल्या निवृत्तिवेतनांतून त्यांनीं एक मोठा, सत्तावीस इंची, दाट ठिपक्यांचा पडदा, म्हणजे ज्यास आजकाल सर्वत्र 'फोर-के मॉनिटर' म्हणतात तो, विकत आणला आणि आपल्या टेबलावरील संगणकास जोडून घेतला.

तेव्हांपासून अक्षर धुरकट. जुना पडदा लहान होता, परंतु त्यावर निदान ओळ सरळ दिसे. या मोठ्या पडद्यावर प्रत्येक काना जणूं ओल्या कागदावर उमटला होता. बाण हलवावा तर तो अडखळत, मागें रेंगाळत येई. घरांतील मुलांनीं पाहिलें आणि प्रेमानेंच सांगितलें, "आजोबा, पडदा उत्तम आहे, तुम्ही डोळे दाखवून या." गुरुजींनीं तें ऐकून घेतलें. आम्ही साताऱ्याहून गेलों तेव्हां ते आम्हांस इतकेंच म्हणाले, "वही आतां तुम्हीच पुरी करा. माझ्यानें होत नाहीं."

दोष कोणाचा, डोळ्याचा, अक्षराचा कीं यंत्राचा, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आमच्या या भागांत तो दोनशें वर्षांपूर्वींच उपस्थित झाला होता, आणि तोही गुरुजींच्या घरापासून अवघ्या तीनेक कोसांवर, मिरजेस. गुरुजींच्या टेबलाची हकीकत पुरी करण्यापूर्वीं ती जुनी हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण एकीचा उलगडा दुसरींत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट राहत असे. त्याच्या सहवासांतून छपाईच्या विद्येची वार्ता दरबारीं पोंचली आणि नाना फडणविसांनीं एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरें कोरवून भगवद्गीता छापण्याचा घाट घातला. १८०० सालीं नाना वारले. काम अपुरें राहिलें. पुढें तो कारागीर मिरजेस आला. तेथील अधिपति गंगाधरराव पटवर्धन यांनीं त्यास आश्रय दिला, आणि १८०५ सालीं मिरजेस गीता छापून निघाली. महाराष्ट्रांत एतद्देशीयांच्या हातून झालेल्या देवनागरी छपाईची ही अगदीं आरंभींची कृति होय.

योगायोग असा कीं त्याच १८०५ सालीं बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी याचें मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध झालें. परंतु तें पत्र्यावर कोरलेलें नव्हतें, सुट्या खिळ्यांनीं जुळविलेलें होतें. एकाच वर्षीं जन्मलेल्या या दोन कृतींत पुढील सारा इतिहास बीजरूपानें सांठविलेला आहे. मिरजेचा पत्रा हें चित्र होतें. तांबटाच्या हातांत जितकी सफाई, तितकें अक्षर सुंदर. वेलांटी उंच हवी तर उंच, उकार लांब हवा तर लांब, जागेची अडचण अशी नाहीं. परंतु एक अक्षर चुकलें तर पत्रा बाद, आणि गीतेचा पत्रा गीतेवांचून दुसऱ्या कशासही उपयोगी नाहीं. श्रीरामपूरचें पान हें लेखन होतें. तेच खिळे आज व्याकरणास, उद्यां कोशास चालत. मात्र खिळा म्हणजे शिशाचा ठराविक मापाचा ठोकळा. त्याच्या कडेबाहेर अक्षरास पाय पसरतां येत नाहीं. पत्र्यावर यंत्र अक्षराच्या आज्ञेंत होतें. खिळ्यांत अक्षर यंत्राच्या आज्ञेंत गेलें.

ही आज्ञा देवनागरीस इतकी कां जाचावी, हें पाहण्यासारखें आहे. रोमन अक्षर हें बहुतेक एकमजली घर आहे. कोठें माळा, कोठें तळघर, एवढेंच. आपलें अक्षर तिमजली. मधल्या मजल्यावर मूळ वर्ण, शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार, ऋकार व हलन्त. 'मूर्तींचें' हा एकच शब्द घ्या. पहिल्या अक्षराखालीं दीर्घ उकार. दुसऱ्याच्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार आणि शेजारीं अनुस्वार. तिसऱ्यावर मात्रा आणि पुन्हां अनुस्वार. शिवाय 'द्ध', 'क्ष्म', 'ष्ट्र' यांसारखीं जोडाक्षरें आणि 'दऱ्या' व 'दर्या' यांतील सूक्ष्म भेद. हें सारें शिशांत बसवावयाचें तर जुळाऱ्यापुढें शेंकडों खिळ्यांचे खण लागत.

मुंबईस जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा प्रश्न अशा सौंदर्यानें सोडविला कीं त्या छापखान्याचें वळण पुष्कळ काळ मराठी डोळ्यास प्रमाण वाटलें. आमच्या भागांतही या विद्येची परंपरा लहान नव्हती. सातारा व सांगली हीं नांवें आज दोन जिल्ह्यांचीं असलीं तरी सांगली जिल्हा १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' या नांवानेंच अस्तित्वांत आला व १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. या एकाच टापूंत, औंध संस्थानच्या आश्रयानें, दोन अगदीं भिन्न प्रकारचीं छपाईचीं कामें चाललीं. औंधास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळानें वेदसंहिता प्रसिद्ध केल्या. वेदाच्या अक्षरास तीन मजलेही पुरत नाहींत. अनुदात्ताची आडवी रेघ खालीं आणि स्वरिताची उभी रेघ वर, असे आणखी दोन मजले चढवावे लागतात. दुसरीकडे किर्लोस्करवाडीस, जेथें १९१० पासून नांगरांचा कारखाना उभा राहिला होता, तेथून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघूं लागलें, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. एका ठिकाणीं प्राचीनतम पाठ, दुसऱ्या ठिकाणीं लोखंडी नांगरांची वार्ता. परंतु दोन्हींकडे जुळाऱ्याचें दुखणें एकच: जागा थोडी, अक्षर मोठें.

जागा वाढविणें जमेना, तेव्हां अक्षर लहान करण्याचे विचार सुरू झाले. साताऱ्यासच १८८५ सालीं जन्मलेले काका कालेलकर आणि रत्नागिरीहून लिपिशुद्धीची चळवळ चालविणारे सावरकर हे इतर पुष्कळ बाबतींत परस्परांपासून दूर. परंतु 'अ' चीच बाराखडी करावी, म्हणजे 'इ', 'उ' यांऐवजीं 'अि', 'अु' लिहावें, या सूचनेवर दोघांचें एकमत झालें. हेतु हा कीं टंकलेखन यंत्रास व खिळे ओतणाऱ्या नव्या यंत्रांस थोड्या चिन्हांत भागावें. सूचना तर्कशुद्ध होती, कांहीं काळ छापील पानांवर ती वावरलीही. परंतु लोकांच्या हातास व डोळ्यास ती रुचली नाहीं आणि पुढें मागें पडली. आम्हांस तिच्यांत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्राची जागा अपुरी आहे म्हणून अक्षरानें आपलें रूप सोडावें, असें विचारी माणसांसही त्या काळीं वाटूं लागलें होतें. ती त्यांची चूक नव्हती. यंत्राची गरिबी होती.

शिसें गेलें आणि कांचेचा पडदा आला, तेव्हां ही गरिबी कमी न होतां वाढली. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर जो एकरंगी पडदा आला, त्यावर आडवीं ८० व उभीं २५ अक्षरें मावत. प्रत्येक अक्षराच्या वांट्यास ९ आडवे व १४ उभे ठिपके येत. रंगीत पडद्यावर तर अवघे ८ आडवे व ८ उभे. रोमन अक्षर तेवढ्यांत कसेंबसें उभें राहतें. आपल्या तिमजली घरास आठ ठिपक्यांची उंची म्हणजे प्रत्येक मजल्यास अडीच-तीन ठिपके. त्यांत वेलांटी काढली तर रफार जातो, रफार ठेवला तर अनुस्वारास स्थान नाहीं. शिवाय हीं अक्षरें यंत्राच्या आंत कायमचीं कोरलेलीं असत आणि सर्वांस सारखीच रुंदी असे. 'र' ला जितकी, तितकीच 'क्ष' ला.

या अडचणींतून वाट काढणाऱ्यांत आपल्याकडील माणसें होतीं, हें मराठी वाचकांस ठाऊक असावें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिपींच्या संगणकाचें काम चाललें, त्यांत आर. एम. के. सिन्हा यांच्याबरोबर मोहन तांबे हे होते. १९८३ सालीं त्यांचा देवनागरी संगणक लोकांपुढें आला. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तांबे तेथें आले, आणि 'जिस्ट' नांवाचें कार्ड तयार झालें. तें संगणकांत बसविलें कीं इंग्रजीसाठीं रचलेल्या कार्यक्रमांतही भारतीय लिपि उमटूं लागे. १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं 'इस्की' ही संकेतावलि भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींसाठीं योजिलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःचें घर मिळालें. पुढें विंडोज २००० या प्रणालीबरोबर 'मंगल' हा देवनागरी टंक आला. त्याचे शिल्पकार कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी.

येथें एक भेद मनांत ठेवला पाहिजे. कारण गुरुजींच्या टेबलावरील घोंटाळा त्याच्याच अभावानें झाला होता. युनिकोड ठरवितें तें अक्षराचें नांव. टंक ठरवितो तें अक्षराचें रूप. आणि तें रूप प्रत्यक्ष उमटावयास जागा किती, हें ठरवितो पडदा. पहिल्या दोन गोष्टी विसाव्या शतकाच्या अखेरीस साध्य झाल्या. तिसरी मात्र राहिली होती. चांगला टंकही विरळ पडद्यावर आपलीं वळणें कशीबशी ठिपक्यांच्या चौकटींत कोंबून घेई. पुष्कळ वर्षें आपण मराठी मजकूर वाचीत आलों तो असा, 'घ' आहे कीं 'ध', 'ष' आहे कीं 'प', हें संदर्भावरून ओळखीत.

पडद्याची दाटी कशी वाढली, तेंही थोडक्यांत पाहूं. १९८७ सालीं आलेल्या व्ही. जी. ए. पडद्यावर ६४० आडवे व ४८० उभे, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. आजच्या फोर-के पडद्यावर ३,८४० आडवे व २,१६० उभे, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर सत्तावीसपट. एवढे ठिपके कांचेवर बसविण्याची कला त्यांना वार्ता पोंचविण्याच्या कलेपेक्षां आधीं साधली. २००१ सालीं आय. बी. एम. नें बावीस इंचांचा एक पडदा काढला. त्यावर ३,८४० आडवे व २,४०० उभे ठिपके, इंचास सुमारें २०४. परंतु त्याची भूक भागविण्यास एक नळी पुरेना. चार जोडण्या एकदम लावून देखील तो सेकंदास सुमारें ४१ वेळांच नव्यानें रंगूं शके. २०१३ च्या सुमारास निघालेले कित्येक फोर-के पडदे तर संगणकास आपण एक नसून दोन आहों असें सांगत. डावा अर्धा एक, उजवा अर्धा दुसरा. मध्यें शिवण दिसे, आणि कधीं एक अर्धा जागा होई तर दुसरा झोपलेला राही.

या भुकेचें गणित अवघड नाहीं. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट. ठिपके सुमारें ८३ लक्ष. सेकंदास ६० वेळां सारें चित्र नव्यानें पाठवावयाचें. गुणाकार केला तर सेकंदास सुमारें १२ अब्ज बिट होतात. २००९ सालीं ठरलेल्या एच. डी. एम. आय. १.४ या जोडणींतून चित्रासाठीं मिळतात सुमारें ८ अब्ज. म्हणून तिच्यांतून फोर-के चित्र सेकंदास तीस वेळांच जाऊं शकतें. डिस्प्लेपोर्ट १.२ ही त्यानंतर लवकरच आलेली जोडणी आणि २०१३ ची एच. डी. एम. आय. २.० यांच्या नळ्या रुंद. त्यांतून साठ वेळां जातें. बाहेरून पाहतां एच. डी. एम. आय. च्या जुन्या व नव्या जोडणीचें तोंड अगदीं एकसारखें असतें. म्हणून फसगत होते.

आतां गुरुजींच्या टेबलाकडे परत येऊं. आम्ही कांहीं या विद्येचे पंडित नव्हे. परंतु मिरजेच्या तांबटाचें स्मरण करून एक निश्चय केला कीं डोळ्यास दोष देण्यापूर्वीं पत्रा तपासावा.

पहिला दोष पडद्याच्या मांडणींत सांपडला. नवा पडदा जोडला तेव्हां अक्षर सुबक पण फार बारीक दिसूं लागलें होतें. तें मोठें करावें म्हणून जोडणी करणाऱ्या मुलानें संगणकास सांगून ठेविलें होतें कीं पडदा ३,८४० नव्हे, १,६०० ठिपक्यांचा समज. हेतु चांगला, परिणाम वाईट. संगणक १,६०० ठिपक्यांचें चित्र पाठवी आणि तें पडद्यास ३,८४० ठिपक्यांवर ताणावें लागे. म्हणजे चित्राचा एक ठिपका कांचेच्या २.४ ठिपक्यांवर. ठिपक्याचे तर दशांश होत नाहींत. म्हणून पडदा काळ्या व पांढऱ्याच्या मध्यें राखी रंग भरून वेळ मारून नेई. तो राखी रंग म्हणजेच गुरुजींच्या डोळ्यांपुढील धुरकटपणा. उपाय असा कीं रिझोल्यूशन पडद्याचें स्वतःचें, पुरें ३,८४० बाय २,१६० ठेवावें, आणि अक्षर मोठें करण्यासाठीं प्रणालींतील 'स्केल' ही निराळी सोय वापरावी. तिनें टंकासच आज्ञा होते कीं तेंच अक्षर अधिक ठिपक्यांनीं काढ. आम्हीं तें दोनशें टक्के ठेविलें. पहिल्या रीतीनें लहान चित्र ताणलें जातें. दुसरींत मोठें अक्षर नव्यानें कोरलें जातें. सारा फरक एवढाच आहे, आणि बहुतेक घरांत चूक होते ती नेमकी येथें.

दुसरा दोष केबलचा. बाण रेंगाळत होता तो पडदा सेकंदास तीसच वेळां रंगत होता म्हणून. आम्हीं तेथें साठ निवडून पाहिलें. बाण सुधारला, परंतु वहीच्या छायाचित्रांतील तांबड्या शाईचीं शीर्षकें फिसकटलीं. जोडणीची नळी अरुंद असली म्हणजे कधीं कधीं यंत्र रंगांत काटकसर करून वेळ साधतें: उजेडाची वार्ता प्रत्येक ठिपक्याची, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. चलच्चित्रास तें खपतें. तांबड्या शाईस खपत नाहीं. शेवटीं संगणकाची पाठ फिरवून पाहिली. जुन्या पडद्याची केबल ज्या खोबणींत होती, तींतच नवी खोंचलेली. ती मुख्य फलकाची, जुन्या मापाची. तिच्याखालीं ग्राफिक्स कार्डाची डिस्प्लेपोर्टची खोबण रबरी टोपण घालून कोरी पडलेली. गांवांतून योग्य केबल आणली, त्या खोबणींत बसविली, आणि पडदा एकदां काळा होऊन पुन्हां उजळला. १९९४ पासून पडदे संगणकास आपली ओळख एका लहानशा पत्रिकेनें स्वतःच करून देतात. आपले ठिपके किती, गति किती, हें तींत लिहिलेलें असतें. नव्या केबलींतून ती पत्रिका नीट पोंचली, आणि यंत्रानें साठ वेळांची गति न मागतां निवडली.

तिसरा दोष जुन्या लेखन-कार्यक्रमाचा होता. कांहीं जुने कार्यक्रम पडदा किती दाट आहे हें विचारीतच नाहींत. त्यांचें चित्र प्रणाली आधीं लहान काढून मग ताणते, आणि तोच राखी रंग पुन्हां येतो. गुरुजींचा मजकूर युनिकोडमध्यें होता, म्हणून तो नव्या कार्यक्रमांत एक अक्षरही न बदलतां उघडला. जुन्या खाजगी संकेतांच्या टंकांत लिहिला असता तर तें इतकें सोपें झालें नसतें. केरीचे खिळे आणि मिरजेचा पत्रा यांतील भेद येथें पुन्हां उपयोगी पडला: मजकूर लेखन म्हणून ठेविला असेल तर प्रत्येक नव्या यंत्रावर तो नव्यानें कोरून घेतां येतो, चित्र म्हणून ठेविला असेल तर आहे तितकाच. वहीचीं छायाचित्रें या पडद्यानें अधिक स्पष्ट दाखविलीं. परंतु जें त्यांत मुळांतच टिपलें गेलें नाहीं, तें कोणताही पडदा दाखवूं शकणार नाहीं.

आतां त्या कांचेवर अक्षरास किती जागा मिळाली, तें पाहा. गुरुजींच्या जुन्या पडद्यावर इंचास सुमारें ८५ ठिपके होते. बारा पॉइंटांचें, म्हणजे इंचाच्या सहाव्या भागाइतकें अक्षर तेथें चौदा ठिपक्यांत उभें राही. नव्या पडद्यावर इंचास १६३. तेवढ्याच उंचीस सत्तावीस ठिपके, आणि अक्षर दुप्पट मोठें केलें तरी ओळ पुरी मावते. १९८१ च्या पडद्यावर चौदा ठिपक्यांची कोठडी, त्या जुन्या पडद्यावरही चौदाच. आतां कोठें तिमजली घरास पुरेसा माळा मिळाला.

गुरुजी खुर्चींत बसले. आम्हीं मुद्दाम कांहीं बोललों नाहीं. त्यांनीं डावीकडे वहीचें पान व उजवीकडे आपला टंकलिखित मजकूर उघडला, आणि बराच वेळ एकाच ओळीवर थांबले. मग हळूच म्हणाले, "इथें 'जनीं' आहे."

जुन्या लेखनांत अनुस्वार ही शोभा नव्हती. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून गेले. परंतु आजोबांच्या वहींत ते अर्थासाठींच दिलेले होते. 'तें' म्हणजे ती वस्तु, 'ते' म्हणजे ते पुरुष. 'जनीं' म्हणजे लोकांमध्यें, आणि 'जनी' म्हणजे नामदेवांच्या घरची संत जनाबाई. कीर्तनाच्या आख्यानांत हा गोंधळ म्हणजे सामान्य गोष्ट नव्हे. जुन्या पडद्यावर तो ठिपका वेलांटीच्या टोंकांत विरघळून जाई. आणि गुरुजींनीं साठ पानें भरवशानें तशींच उतरून काढलीं होतीं. ज्या पडद्यावर "निदान अक्षर नीट दिसे" असें त्यांस वाटत होतें, तोच त्यांस वर्षभर फसवीत होता. नव्यानें निदान आपला दोष उघड केला. जुन्यानें तो झांकून ठेविला होता.

आम्हांस वाटलें, आतां ते खिन्न होतील. त्यांनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला, आणि टंकलिखित मजकुराच्या पहिल्या पानावर गेले. नातू दारांत उभा होता. त्याच्याकडे न पाहतांच ते म्हणाले, "डोळे दाखवून यायचें राहूं दे. चहा टाकायला सांग. पहिल्यापासून बघावें लागेल."

दोनशें वर्षें आपल्या अक्षरास कोणी ना कोणी सांगत आलें कीं जागा थोडी आहे, जरा आकसून बस. शिशाच्या ठोकळ्यानें सांगितलें, टंकलेखन यंत्रानें सांगितलें, आठ ठिपक्यांच्या कांचेनें सांगितलें. आणि तें कधीं वेलांटी मोडून, कधीं जोडाक्षर फोडून, आकसून बसलेंही. आज प्रथमच यंत्रापाशीं अक्षरास हवी त्याहून अधिक जागा आहे. यापुढें अक्षर धुरकट दिसलें तर तो दोष लिपीचा नव्हे, आणि बहुधा वाचणाऱ्याच्या वयाचाही नव्हे. मिरजेच्या तांबटानें एकेका पत्र्यावर महिने घालविले असतील. आपल्याला एक केबल बदलावयाची आहे आणि एक आंकडा नीट लावावयाचा आहे. घरांतल्या वृद्धांस डोळे तपासून या असें सांगण्यापूर्वीं तेवढें करून पाहण्यास अर्धा तास पुरतो.

आम्ही सायंकाळच्या गाडीनें साताऱ्यास परत निघालों, तेव्हां गुरुजी तिसऱ्या पानावर होते.